नंदीसारखे बसा!



कऱ्हाकाठच्या मोरगावचा मयूरेश्वर तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. अष्टविनायकांच्या यात्रेचा आरंभ तिथूनच करण्याची रीत आहे. देवळासमोर एक भलामोठा दगडी नंदी बसलेला आहे. गणपतीच्या पुढ्यात नंदी कसा आला, असे तिथल्या कोणालाही विचारा. आख्यायिका तयारच असते. जवळच्या एका शंकराच्या देवळासाठी हा नंदी गाड्यावरून चालला होता, येथे येताच गाड्याचे चाक मोडले, आणि मग काही केल्या नंदी जागचा हलेना! शेवटी लोकांनी नाद सोडला. नंदी तेथेच राहिला.

या नंदीची आठवण मला देवळात झाली नाही, पुण्याच्या एका क्ष-किरण केंद्राच्या बाकावर झाली. माझी बहीण मोरगावला असते. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, तेरा वर्षांची आहे. तिचा वरचा उजवा सुळा आलाच नव्हता. दुधाचा सुळा अजून जागेवर, आणि त्याच्या मागून येणाऱ्या पक्क्या दाताचा पत्ता नाही. बारामतीच्या दंतवैद्यांनी साधे चित्र काढले, तेव्हा तो सुळा हिरडीच्या वर, हाडात तिरका अडकलेला दिसला. पण तो पटाशीच्या दातांच्या मुळांपुढे आहे की मागे, आणि त्याच्या दाबाने शेजारच्या दाताचे मूळ झिजू लागले आहे का, हे त्या चित्रावरून ठरेना. म्हणून त्यांनी पुण्याला जाऊन जबड्याचा विशेष स्कॅन करण्यास सांगितले.

यंत्राचा एक हात पोरीच्या डोक्याभोवती फिरला, सारे पंधरा-वीस सेकंदांत आटोपले. पडद्यावर चित्र आले, आणि तिथल्या तंत्रज्ञाने मान हलवली. दातांच्या कडा दुहेरी दिसत होत्या. “हलली ही,” तो म्हणाला. भाचीचे डोळे भरून आले. “मामा, खरंच सांगते, मी हललेच नाही हो!”

आता यांत खरे कोणाचे? मी पदार्थविज्ञान शिकवतो. दातांतले मला काही कळत नाही. पण “हलली” आणि “हलले नाही” या दोन वाक्यांत एक मोठी उणीव आहे, ती मात्र मला लगेच दिसली. किती हलली, हे कोणीच सांगत नव्हते. त्या ‘किती’चाच आज आपण विचार करू.

आधी साधे चित्र म्हणजे काय ते पाहू. विल्हेल्म रंटगेन या जर्मन शास्त्रज्ञाने ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरण शोधले. त्याची बातमी फुटल्यावर दोनच आठवड्यांत, जानेवारी १८९६ मध्ये, ऑटो वाल्कहोफ या दंतवैद्याने स्वतःच्या दातांचे चित्र घेतले. त्यासाठी त्याला काचेची तबकडी तोंडात धरून २५ मिनिटे स्थिर राहावे लागले! आज दातामागे छोटा संवेदक ठेवून जे चित्र घेतात, त्याला सेकंदाचा काही अंश पुरतो. पण पंचवीस मिनिटे असोत की पाव सेकंद, निघते ती सावलीच. सावलीत खोली नसते. हाताची दोन बोटे एकामागे एक धरून भिंतीवर सावली पाडा. पुढचे कोणते आणि मागचे कोणते, ते सावली सांगत नाही. भाचीच्या सुळ्याची अडचण नेमकी हीच होती.

यावर उपाय म्हणजे अनेक दिशांनी सावल्या घेणे आणि त्यांवरून मूळ वस्तू गणिताने उभी करणे. असे करता येते हे योहान राडोन या गणितज्ञाने १९१७ सालीच दाखवून दिले होते. प्रत्यक्ष यंत्र मात्र गॉडफ्रे हौन्सफील्ड यांनी केले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूची छेदचित्रे घेतली गेली. १९७९ साली हौन्सफील्ड आणि ॲलन कॉर्मॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हाच आपला सीटी स्कॅन. दातांसाठी त्याची धाकटी बहीण १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इटलीत व जपानात तयार झाली. तिला सीबीसीटी म्हणतात. तिच्यात क्ष-किरण शंकूच्या आकारात बाहेर पडतात. यंत्राच्या हाताच्या एका टोकाला किरणांची नळी, दुसऱ्या टोकाला चौकोनी संवेदक, आणि मध्ये रुग्णाचे डोके. हात डोक्याभोवती प्रदक्षिणा घालतो आणि वाटेत शेकडो सावल्या टिपतो.

मग संगणक काय करतो? ते समजायला एक कोडे सोडवा. एका चौकोनाचे चार घरांत भाग केले आहेत. वरच्या ओळीत क आणि ख, खालच्या ओळीत ग आणि घ. प्रत्येक घरात एक अंक दडलेला आहे. अंक मोठा म्हणजे पदार्थ दाट: दात, हाड. शून्य म्हणजे हवा. आपल्याला घरांत डोकावता येत नाही. किरण एका बाजूने आत जातो आणि वाटेतल्या घरांच्या अंकांची बेरीज घेऊन बाहेर पडतो. आडवे किरण सोडले तर क + ख = ९ आणि ग + घ = ५. उभे सोडले तर क + ग = ६ आणि ख + घ = ८. एक तिरका सोडला तर क + घ = ३. आता अंक काढा.

जमले? पहिल्या बेरजेतून चौथी वजा केली की क − घ = १. शेवटची बेरीज ३ आहेच. म्हणून क = २, घ = १, ख = ७, ग = ४. झाला तुमचा सीटी स्कॅन! खऱ्या यंत्रात चारऐवजी कोट्यवधी घरे असतात आणि रीतही वेगळी असते, पण गाभा हाच.

आता गंमत पाहा. आडवी आणि उभी मोजमापे झाली, आणि तिरका किरण सोडण्याच्या क्षणी रुग्ण असा हलला की डावी घरे उजवीकडे आणि उजवी डावीकडे गेली. तिरक्या किरणाच्या वाटेत आता ख आणि ग आले. बेरीज आली ११. संगणकाला यातले काही ठाऊक नाही. त्याने प्रामाणिकपणे क + घ = ११ धरले आणि गणित सोडवले. उत्तर: क = ६, घ = ५, ख = ३, ग = ०. ताळा करून पाहा, सगळ्या बेरजा बरोबर जुळतात. आणि तरीही चारही घरे चुकली आहेत. ज्या घरात ४ होते, म्हणजे चांगला दाट पदार्थ होता, तेथे हवा दिसते आहे!

हे उदाहरण मी मुद्दाम सविस्तर दिले. कारण साध्या छायाचित्रात माणूस हलला तर तोच पुसट येतो, मागची भिंत स्वच्छच येते. येथे तसे नाही. येथे एक चुकीचे मोजमाप सगळ्या घरांत वाटले जाते. खऱ्या यंत्रात दिशा शेकड्यांनी असल्यामुळे बेरजा एकमेकींशी भांडू लागतात, आणि ते भांडण चित्रात पट्ट्या, दुहेरी कडा, कड्यांसारख्या खुणा किंवा सरसकट धूसरपणा या रूपांनी उमटते.

मोरगावच्या नंदीभोवती प्रदक्षिणा घालत दर १० अंशांवर एक, अशी ३६ छायाचित्रे घेतली, तर त्यांवरून त्याची हुबेहूब प्रतिकृती करता येईल. पण समजा, अर्धी प्रदक्षिणा झाल्यावर नंदीने मान जराशी वळवली! पहिली १८ चित्रे एका नंदीची आणि उरलेली १८ दुसऱ्याच नंदीची होतील. प्रतिकृतीला दोन दोन नाके आली तर नवल नको. भाचीच्या दातांच्या दुहेरी कडा अशाच आल्या होत्या. नंदी हा या यंत्राचा आदर्श रुग्ण.

पण माणूस नंदी होऊ शकत नाही. पंधरा सेकंदांत तुमचे हृदय १७-१८ ठोके देते, आणि दर ठोक्याला मानेतल्या धमन्यांतून जाणारे रक्त डोक्याला अगदी सूक्ष्म हेलकावा देते. चार-पाच श्वास होतात. छाती आणि खांदे वरखाली होतात. “गिळू नका” म्हटले की नेमकी लाळ सुटते आणि आवंढा गिळावासा वाटतो; गिळताना जीभ आणि जबडा दोन्ही हलतात. यंत्राचा हात डोळ्यांसमोरून जाऊ लागला की डोळे त्याच्यामागे जातात आणि डोळ्यांमागून डोकेही, नकळत. ‘रुग्ण हलला’ असा शेरा मारणाऱ्यांचा मला म्हणूनच थोडा राग येतो. जणू त्याने खोडी केली!

एक सोपा प्रयोग

आपण किती हलतो ते मोजायला महागडे उपकरण नको. एक कवडसा पुरे.

दोनेक सेंटिमीटरचा आरशाचा तुकडा घ्या. त्याच्या कडांना चिकटपट्टी लावा म्हणजे बोट कापणार नाही. सकाळी ज्या खिडकीतून किंवा दारातून ऊन आत येते, तिच्याकडे उजवा कान करून मित्राला खुर्चीवर बसवा. रिबिनीने आरसा त्याच्या उजव्या कानाच्या वर बांधा. आरशाखाली कापसाची छोटी घडी ठेवून तो किंचित वर झुकवा, म्हणजे कवडसा खिडकीशेजारच्या सावलीतल्या भिंतीवर पडेल. भिंत आरशापासून ३ मीटरवर असावी. कवडशाच्या कडेवर पेन्सिलीने खूण करा. मित्राला म्हणा, “नंदीसारखा बस!” आणि पंधरा सेकंद मोजा. कवडसा डावी-उजवीकडे जास्तीत जास्त किती सरकला, ते पट्टीने मोजा. (कवडसा कोणाच्याही डोळ्यांवर पडू देऊ नका, आणि आरशाच्या जागी लेसर तर मुळीच वापरू नका.)

समजा, कवडसा १० सेंटिमीटर सरकला. आरसा एका कोनातून फिरला की परावर्तित किरण दुप्पट कोनातून फिरतो, हे तुम्ही प्रकाशाच्या धड्यात शिकला आहात. किरण फिरला १० भागिले ३००, म्हणजे १/३० रेडियन. डोके फिरले त्याच्या निम्मे, १/६० रेडियन. अंशांत सांगायचे तर सुमारे १ अंश. हा कोन इतका लहान आहे की तुमच्या मित्राला आपण हललो याची जाणीवही होणार नाही. तो शपथेवर सांगेल, मी हललो नाही!

आता दाताकडे या. मान ज्या उभ्या अक्षाभोवती वळते, त्यापासून पुढचे दात साधारण १० सेंटिमीटरवर आहेत असे धरू. १० सेंटिमीटर गुणिले १/६० म्हणजे जवळजवळ १.७ मिलिमीटर. पट्टीवर पाहाल तर काहीच नाही. पण सीबीसीटीच्या चित्रातले एक घर बहुधा ०.१ ते ०.४ मिलिमीटरचे असते. ०.२ धरले तर दात आठ घरे ओलांडून गेला! दाताचे मूळ आणि भोवतालचे हाड यांच्यामध्ये एक बारीक फट असते, तीत दाताला धरून ठेवणारे तंतू असतात. ती फटही सुमारे ०.२ मिलिमीटरच असते. दंतवैद्य जे पाहायला बसतात ते या मापाचे असते.

एक जागरूक विद्यार्थी येथे हात वर करील: “सर, सूर्य पण हलतो ना? मग कवडसा त्यानेही सरकेल!” शाबास. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. पंधरा सेकंदांचे होतात १/१६ अंश, आणि तेवढ्याने ३ मीटरवरचा कवडसा जास्तीत जास्त ३ मिलिमीटरच सरकतो. आपल्या १० सेंटिमीटरांपुढे ते नगण्य. पण मोजमाप किती खरे, असे विचारणाऱ्याने हा हिशोब केलाच पाहिजे.

तेव्हा त्या दिवशी बाकावर बसून मी कागदाच्या मागे हाच हिशोब भाचीला करून दाखवला. तंत्रज्ञ खरा होता आणि तीही खरी होती. एक अंश ही तिच्या दृष्टीने स्थिरता होती, यंत्राच्या दृष्टीने भूकंप!

शास्त्रज्ञ हे कसे तपासतात?

किती हालचालीने चित्र किती बिघडते, हे शोधायचे आहे. सर्वांत सरळ प्रयोग कोणता? माणसाला यंत्रात बसवायचे, मुद्दाम १ मिलिमीटर हलवायचे, चित्र घ्यायचे. मग २ मिलिमीटर, मग ३. पण हा प्रयोग करता येत नाही. गरज नसताना, केवळ कुतूहलापोटी, कोणाही माणसावर क्ष-किरण सोडणे हा अपराध आहे.

डेन्मार्कमधील आर्हुस विद्यापीठाच्या दंतवैद्यक विभागात रूबेन्स स्पिन-नेटो, आन् वेन्झेल आणि त्यांचे सहकारी यांनी यावर नामी तोड काढली. त्यांनी माणसाची कोरडी कवटी एका यंत्रमानवावर बसवली. सांगितलेल्या क्षणी, सांगितलेल्या दिशेला, सांगितलेले अंतर तो कवटी हलवी. अशी हलणारी कवटी सीबीसीटी यंत्रात ठेवून त्यांनी चित्रे घेतली आणि कोणत्या हालचालीने कोणती विकृती उमटते ते पाहिले. हे काम २०१३ साली प्रसिद्ध झाले. कवटीला किरणांचे भय नाही, आणि ती स्थिर असतानाचे निर्दोष चित्र तुलनेला हाताशी असते.

पण कवटी आवंढा गिळत नाही, घाबरत नाही. म्हणून खऱ्या रुग्णांकडेही जावे लागते. ज्यांना स्कॅन एरवीही करायचाच आहे अशा रुग्णांकडे. त्यांचा स्कॅन चालू असताना व्हिडिओ चित्रफीत घेतात, किंवा डोक्याला हलके संवेदक लावतात. तुमच्या मोबाइलमध्ये पडदा आडवा-उभा करणारे जे संवेदक असतात, त्याच जातीचे: एक त्वरण मोजतो, दुसरा फिरण्याचा वेग. मग चित्रफीत पाहणाऱ्याला क्ष-किरण चित्र दाखवत नाहीत आणि क्ष-किरण चित्र पाहणाऱ्याला चित्रफीत. का? कारण रुग्ण हलला हे आधीच कळले, तर माणसाला स्वच्छ चित्रातही धूसरपणा दिसू लागतो. परीक्षकाला उत्तरपत्रिकेवरचे नाव दिसू देत नाहीत, त्यातलाच हा प्रकार.

आणि चित्रफीत पाहणाऱ्यांचे तरी एकमत होते का? हा प्रश्न मला फार आवडतो, कारण येथे सामान्य बुद्धी हमखास फसते. समजा, पन्नास चित्रफिती दोन निरीक्षकांनी वेगवेगळ्या पाहिल्या. दोघांनीही प्रत्येकी १० रुग्णांपुढे ‘हलला’ असे लिहिले. पण त्यांतले सामाईक ६ च. आणि ३६ रुग्णांपुढे दोघांनीही ‘हलला नाही’ लिहिले. म्हणजे ५० पैकी ४२ वेळा एकमत. शेकडा ८४! वा, केवढे एकमत, असे आपण म्हणू.

थांबा. दोघांनीही चित्रफिती न पाहता, डोळे मिटून, पाचांतल्या एकापुढे ‘हलला’ असे लिहीत सुटायचे ठरवले असते तर? दोघांचेही ‘हलला’ जुळण्याची शक्यता ०.२ × ०.२ = ०.०४. दोघांचेही ‘नाही’ जुळण्याची शक्यता ०.८ × ०.८ = ०.६४. बेरीज ०.६८. म्हणजे काही न पाहताही शेकडा ६८ एकमत फुकटात मिळते! खरी कमाई त्याच्या वरची: ८४ वजा ६८, म्हणजे १६. आणि जास्तीत जास्त कमाई होऊ शकली असती १०० वजा ६८, म्हणजे ३२. सोळा भागिले बत्तीस, बरोबर अर्धी. या अपूर्णांकाला ‘कॅपा’ म्हणतात. जेकब कोहेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तो १९६० साली मांडला. कॅपा ०.५ म्हणजे एकमत बरे आहे, पण त्यावर विसंबून कोणाच्या जबड्यावर शस्त्रक्रिया ठरवावी इतके नव्हे. वर्तमानपत्रात ‘तज्ज्ञांचे ९० टक्के एकमत’ असे वाचाल, तेव्हा फुकटचे किती हे विचारायला विसरू नका.

आर्हुसच्या पाहण्यांतून एक अपेक्षित गोष्ट दिसली: लहान वयाचे रुग्ण मोठ्यांपेक्षा अधिक हलतात. आणि नेमके त्यांनाच पुन्हा किरण देणे सर्वांत नको असते. जगात आपल्याला जमिनीतून, हवेतून, आकाशातून वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट नैसर्गिक प्रारण मिळते, म्हणजे दिवसाला साडेसहा मायक्रोसीव्हर्टच्या आसपास. दाताच्या एका साध्या चित्राचे प्रारण या एका दिवसाच्या आगेमागेच असते. सीबीसीटीचे मात्र यंत्रानुसार आणि भागाच्या आकारानुसार दहांच्या घरातून शेकड्यांच्या घरात जाते. ६५ मायक्रोसीव्हर्ट झाले तर दहा दिवसांचे. घाबरून जाण्यासारखे यात काही नाही. पण वाढत्या वयाच्या पेशी प्रारणाला अधिक संवेदनशील असतात, आणि तेरा वर्षांच्या मुलीपुढे सारे आयुष्य पडलेले असते. तेव्हा उगीच एकही चित्र नको. भारतात अशा यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. हे मंडळ १९८३ साली स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय मुंबईला अणुशक्तिनगरात आहे.

जाता जाता तुमच्या उपयोगाची एक गोष्ट. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ साली संशोधनाचे जे नैतिक नियम प्रसिद्ध केले, त्यांत मुलांना संशोधनात घ्यायचे तर पालकांच्या संमतीखेरीज मुलाचीही अनुमती हवी असे म्हटले आहे. ७ ते १२ वर्षांपर्यंत तोंडी, आणि त्यापुढे १८ पर्यंत लेखी. म्हणजे आठवीतल्या मुलीलाही ‘मला यात भाग घ्यायचा नाही’ म्हणण्याचा हक्क आहे.

मग भाचीचे काय झाले? दंतवैद्यांना दूरध्वनी करून ते धूसर चित्र पाठवले. त्यांनी जे विचारले ते मला फार शहाणपणाचे वाटले. चित्र चांगले आहे की वाईट, हे त्यांनी विचारलेच नाही. आपले प्रश्न दोन होते. या चित्रातून त्यांपैकी कोणत्याचे उत्तर मिळते, ते ते पाहू लागले. सुळा टाळूच्या बाजूला आहे हे दुहेरी कडा असूनही स्पष्ट होते. काही मिलिमीटरांच्या फरकाला दीड मिलिमीटरची चूक पुसू शकत नाही. पण शेजारच्या दाताचे मूळ झिजले आहे का, हे मात्र कळेना. मूळ शाबूत असेल तर सुळा हळूहळू ओढून जागेवर आणता येतो. झिजत असेल तर घाई करावी लागते, बेतही बदलतो. म्हणजे पहिल्या प्रश्नासाठी चित्र पुरेसे होते, दुसऱ्यासाठी नव्हते. केवळ चित्र देखणे नाही म्हणून त्यांनी ते पुन्हा काढायला लावले नसते, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पुन्हा काढायचे ठरले, पण साऱ्या जबड्याचे नव्हे. वरच्या पुढच्या चारपाच दातांपुरतेच. क्षेत्र लहान, म्हणून प्रारणही कमी.

यंत्र आणखी वेगाने फिरवले तर हलायला वेळच मिळणार नाही, असे तुम्हाला वाटेल. खरे आहे, पण वेळ कमी म्हणजे सावल्या कमी किंवा प्रत्येक सावलीत किरण कमी, आणि किरण कमी म्हणजे चित्रात कण दिसू लागतात. किरण चौपट केले तर कणांचा गोंधळ निम्मा होतो, असा वर्गमुळाचा हिशोब आहे. ‘अतिवेगवान स्कॅन’ अशी जाहिरात वाचताना हे ध्यानात असू द्या. हालचाल ओळखून ती गणिताने दुरुस्त करणारे संगणकीय कार्यक्रमही आता आले आहेत. थोड्या हालचालीला ते उपयोगी पडतात.

आमच्या वेळी मात्र साधेच उपाय चालले. आधी किरण बंद ठेवून यंत्राचा हात एकदा नुसता फिरवून दाखवला, म्हणजे काय होणार ते तिला कळले. तिने आवंढा आधीच गिळून घेतला. कपाळावर पट्टा, हनुवटीखाली आधार, दातांमध्ये चावायची पट्टी. आणि फिरत्या हातामागे डोळे जाऊ नयेत म्हणून ते मिटून घेतले. चित्र स्वच्छ आले. मुळाभोवतीची ती ०.२ मिलिमीटरची बारीक काळी रेघ टोकापर्यंत अखंड होती. मूळ शाबूत होते.

दिवाळीच्या सुट्टीत मी मोरगावला गेलो, तेव्हा तिने पडवीत कवडशाचा प्रयोग मांडला होता. तिच्या आजीचा कवडसा चार सेंटिमीटर सरकला, धाकट्या भावाचा तर भिंतीवरूनच पळाला. मग तिने मला बसवले, आणि मध्येच म्हणाली, “मामा, तुम्ही ‘नाही’ म्हणताना मान हलवता तेव्हा कवडसा पळतो; ‘हो’ म्हणताना मान डोलावता तेव्हा जवळजवळ जागचा हलत नाही. पण डोकं तर हललंच की!”

आरसा कानावर बांधला होता. आता तो कोठे बांधला म्हणजे होकाराची हालचालही पकडता येईल, आणि डोके न फिरता नुसते पुढे सरकले तर काय करावे? मी तिला उत्तर सांगितलेले नाही; तुम्हालाही सांगत नाही. आरसा, रिबीन आणि ऊन, तिन्ही तुमच्या घरी आहेत.